स्लॉपी जो, तयार डबा न उघडता : प्रकल्प नोंदी

4 जानेवारी 2025, डे मॉइन, आयोवा

तयार सॉसचा डबा न वापरता घरी स्लॉपी जो करायचा, एवढंच काम. 9 फेब्रुवारीला सुपर बोल, म्हणजे अमेरिकन फुटबॉलची अंतिम मॅच आहे. मॅच बघायला आमच्याकडे वीसेक माणसं जमतात आणि यंदा पिझ्झा मागवायचा नाही असं ठरलंय. आधी एका पौंडाचं (454 ग्रॅम) प्रमाण बसवायचं, मग ते वीस जणांपर्यंत न्यायचं.

ज्यांनी खाल्ला नसेल त्यांच्यासाठी: बीफचा खिमा, कांदा, ढोबळी मिरची, टोमॅटोचा आंबटगोड रस, आणि हे सगळं हॅम्बर्गरच्या बनमध्ये. खाताना हात बरबटतात, ते तसंच अपेक्षित आहे. सगळ्यात जास्त सांगितली जाणारी गोष्ट म्हणजे, इथल्याच सू सिटीमधल्या जो नावाच्या एका आचाऱ्याने 1930 च्या सुमारास सुट्या खिम्याच्या सँडविचमध्ये टोमॅटोचा रस घातला. आयोवात राहून ही गोष्ट खोटी म्हणायची माझी छाती नाही.

मी मूळचा वसईचा, ख्रिस्ती, त्यामुळे घरात बीफ नवीन नाही. पण तिकडे बीफ म्हणून जे मिळतं ते म्हशीचं, आणि त्यात चरबी कमी. खिमा करताना आधी तेल घालायचं हे हातात बसलेलं. इथल्या खिम्याच्या पाकिटावर 80/20, 85/15, 93/7 असे आकडे असतात. पहिला आकडा मांसाचा, दुसरा चरबीचा. 80/20 ला तेलाचा थेंबही लागत नाही. उलट चरबी काढून टाकावी लागते.

आजची खरेदी: 80/20 खिमा पौंडाला 5.29 डॉलर, आठ बनचं पाकीट 3.99, दुकानाच्या स्वतःच्या नावाचा तयार सॉसचा डबा 1.49.

5 जानेवारी

आधी डब्याचाच करून बघितला. कशाशी तुलना करायची ते हाताशी असावं म्हणून. मॅनविच या नावाने हा प्रकार 1969 पासून डब्यात मिळतो आणि त्यानंतर बाकीच्यांनीही काढला. खिमा परतला, चरबी ओतून दिली, डबा ओतला, दहा मिनिटं. झालं.

गोड आहे, फार गोड. पण एक गोष्ट मानली: रस खिम्याला धरून बसतो. ताटलीत सांडतो तो खिमा, पाणी नाही. बन खालून ओला झाला, पण फाटला नाही. पोराने दोन खाल्ले. म्हणजे चव मला बदलायची आहे, पण दाटपणा असाच हवा.

11 जानेवारी

घरचा पहिला. पाऊण कप केचप, तीन चमचे ब्राउन शुगर, मोहरीची पिवळी पेस्ट, वुस्टरशायर सॉस, व्हिनेगर. जवळजवळ प्रत्येक घरात थोड्याफार फरकाने हेच प्रमाण सांगतात.

चव डब्यापेक्षाही गोड. केचपमध्ये साखर आणि व्हिनेगर दोन्ही आधीच असतं, त्यावर पुन्हा ब्राउन शुगर घातली की दुसरं काय होणार. पण ते सुधारता येईल. खरा घोळ पाण्याचा. कढईत पौंडभर खिमा एकदम टाकला आणि लगेच उलथण्याने फोडायला लागलो. खिम्याने पाणी सोडलं आणि तो त्याच पाण्यात शिजला. रंग करडा, गोळे वाटाण्याएवढे, आणि सॉस घातल्यावर पाणी एकीकडे, खिमा एकीकडे. अर्धा तास आटवला तरी बनमध्ये भरल्यावर दोन मिनिटांत खालचा तुकडा लगदा झाला. चमच्याने खाल्ला.

बायको म्हणाली, पाव बुडवून खाऊ, काय बिघडलं? बिघडलं काही नाही, पण मग तो स्लॉपी जो नाही.

14 जानेवारी

पाणी कमी करायचं म्हणून 93/7 आणला, पौंडाला 7 डॉलर. चरबी कमी तर ओलावा कमी, असा हिशोब केला होता. तो चुकीचा निघाला, कारण पाणी मांसातून येतं, चरबीतून नाही. उलट चरबी नसल्यामुळे खिमा चरचरीत कोरडा झाला आणि रस त्याच्यावरून नुसता ओघळत राहिला. पावणेदोन डॉलर जास्त देऊन वाईट सँडविच. पुन्हा 80/20. 85/15 ही चालेल, त्याच्या पलीकडे जाऊ नका.

18 जानेवारी

आज स्वयंपाक नाही. मार्शलटाउनला काम होतं, तिथे मेड-राइट खाल्लं. हा स्लॉपी जोचा कोरडा भाऊ: रस नाही, फक्त वाफवलेला सुटा खिमा, मोहरी, लोणच्याच्या काकडीच्या चकत्या, कांदा. सँडविचबरोबर चमचा देतात, सांडलेला खिमा वेचायला. 1926 मध्ये मस्कटीन गावात फ्रेड एंजल नावाच्या खाटकाने हे सुरू केलं, तेव्हापासून आयोवाचा हा अभिमानाचा विषय.

माझ्या कामाचं जे दिसलं ते असं: खिम्याचा एकही दाणा मोठा नव्हता. सगळा एकसारखा, जाड रव्याएवढा. रस धरायला पृष्ठभाग हवा, आणि दाणा जितका बारीक तितका पृष्ठभाग जास्त. माझे वाटाण्याएवढे गोळे रस धरणार कसे?

येताना बटाटे कुस्करायचं मॅशर घेतलं, 6 डॉलर. उलथण्याने हे काम होत नाही, करून बघितलंय.

20 जानेवारी

मार्टिन ल्यूथर किंग दिनाची सुट्टी. बाहेर हाडं गोठवणारी थंडी, घराबाहेर पाऊल टाकायची सोय नाही. दिवसभर खिमा.

दोन गोष्टी बदलल्या. पहिली, खायचा सोडा. पौंडाला पाव टीस्पून सोडा, अर्धा टीस्पून मीठ, एक टेबलस्पून पाणी, सगळं हलक्या हाताने कालवून पंधरा मिनिटं ठेवायचं. सोड्याने मांसाचा आम्लपणा कमी होतो, शिजताना ते पाणी धरून ठेवतं आणि तांबूसही लवकर होतं. पाव टीस्पून म्हणजे पावच. दुपारी एकदा अंदाजाने टाकला तर साबणासारखी चव आली.

दुसरी गोष्ट परतायची. खिमा फोडायचाच नाही. तवा चांगला तापवून सगळा खिमा थालीपीठासारखा एका थरात थापायचा आणि पाच मिनिटं हात लावायचा नाही. कडेने तांबूस रेघ वर चढताना दिसते आणि तडतडण्याचा आवाज बदलतो: आधी पाण्याचा फसफस, मग चरबीचा चरचर. चरचर सुरू झाली की चार तुकडे करून उलटायचे, अजून दोन-तीन मिनिटं, आणि मग मॅशरने दणादण. खालचा तांबूस थर सगळ्या खिम्यात मिसळला की जो वास येतो, तो मागच्या दोन्ही वेळी आलाच नव्हता.

चरबी तीन ते चार टेबलस्पून सुटली. एक टेबलस्पून कांद्यासाठी ठेवली, बाकीची रिकाम्या डब्यात ओतली. सिंकमध्ये ओतू नका, थंड झाली की नळीत गोठते. आज डबा मागच्या पायरीवर ठेवला, दहा मिनिटांत दगड. मग सरळ कचऱ्यात.

एक नुकसान: हे सगळं बिडाच्या तव्यात केलं. परतायला बिडासारखं दुसरं भांडं नाही. पण त्यातच टोमॅटो ओतून वीस मिनिटं आटवला तर रसाला लोखंडाची चव चढली आणि तव्यावरचा तेलाचा थर ठिकठिकाणी निघाला. आता पुन्हा तेल लावून ओव्हनमध्ये भाजायला तास जाणार. परतायचं बिडात, रस स्टीलच्या पसरट भांड्यात. नाहीतर सुरुवातीपासूनच स्टील.

25 जानेवारी

आज रस. केचप हा पाया नको, नुसती चव म्हणून हवा, असं ठरवून सुरुवात केली.

आधी क्रश केलेल्या टोमॅटोचा डबा घेतला. ताजी चव, पण पाणी इतकं की आटेपर्यंत खिमा चामट झाला. मग टोमॅटो सॉसचा 8 औंसाचा (227 ग्रॅम) छोटा डबा. इथे टोमॅटो सॉस म्हणजे साधा शिजवलेला पातळ गर, गोडी नसलेला. आपल्याकडची बाटली डोळ्यांसमोर आणू नका, नाहीतर साखरेचा हिशोब पार कोलमडेल. त्याच्या जोडीला टोमॅटोची घट्ट पेस्ट. ही पेस्ट रसात घालून ढवळायची नाही, कांदा मऊ झाला की त्यातच चरबीवर दोन मिनिटं परतायची. लाल रंग विटकरी होतो, कच्चट वास जातो. दाटपणाचं काम तीच करते, कॉर्नफ्लोअर लागत नाही. कॉर्नफ्लोअर घातलेलाही करून बघितला: गरम असताना छान, गार झाला की खळ.

एका पौंडाला जमलेलं प्रमाण: एक मध्यम कांदा आणि अर्धी हिरवी ढोबळी मिरची, दोन्ही अगदी बारीक, लसणाच्या दोन पाकळ्या, टोमॅटो पेस्ट 2 टेबलस्पून, टोमॅटो सॉस एक छोटा डबा, केचप 3 टेबलस्पून, वुस्टरशायर 1 टेबलस्पून, मोहरीची पेस्ट आणि ब्राउन शुगर एकेक टीस्पून, सफरचंदाचं व्हिनेगर 2 टीस्पून, लाल तिखट अर्धा टीस्पून, पाणी अर्धा कप. खिमा परत घालून झाकण न ठेवता मंद आचेवर पंधरा ते वीस मिनिटं.

व्हिनेगर शेवटी. सुरुवातीला घातलं तर खिम्यातल्या सोड्याशी भांडून फेस येतो आणि आंबटपणाही मरतो. आच बंद करायच्या दोन मिनिटं आधी घातलं की चव जागेवर राहते.

झालं की नाही हे बघायचं कसं? भांड्याच्या मधून उलथणं ओढा. तळ दिसला पाहिजे आणि दोन्ही बाजू सावकाश परत यायला हव्यात. लगेच पाणी धावून आलं तर अजून आटवा. बाजू आल्याच नाहीत तर जास्त आटलाय, दोन चमचे पाणी घाला. घड्याळापेक्षा ही खूण खरी, कारण प्रत्येकाचं भांडं वेगळं.

खिमा आतून 160 अंश फॅरनहाइटला (71 सेल्सिअस) पोचला पाहिजे हा इथला अन्नसुरक्षेचा नियम. एवढा वेळ उकळल्यावर तो आपोआपच पोचतो.

बटाट्याचे मऊ बन घेतले, कापलेली बाजू लोण्यात तव्यावर चांगली तांबूस केली. लोण्याचा थर रस आत जाऊ देत नाही. पाच मिनिटं ठेवून बघितला, खालचा तुकडा शाबूत. पोराचा शेरा: शाळेतल्यापेक्षा कमी गोड, पण चालेल. आणखी एक मागितला, तेव्हा चालेल म्हणजे चालेल.

26 जानेवारी

कपाटात आईने पाठवलेला बॉटल मसाला होता, आमच्याकडच्या ख्रिस्ती घरांतला घरगुती मसाला. अर्धा चमचा घालून बघितला. मग वाटलं थोडा आणखी. मग आलं घातलं, मग कोथिंबीर. तासाभरात उत्तम खिमा-पाव तयार, रविवार साजरा. पण या प्रकल्पाच्या दृष्टीने दिवस वाया. हा आपल्या लोकांना होणारा हमखास आजार आहे, सावध राहा. स्लॉपी जोमध्ये मसाला असा जवळजवळ नसतोच; त्याचा जीव आंबट, गोड, खारट यांच्या तोलात आणि परतलेल्या मांसात. अर्धा टीस्पून तिखटावर हात आवरा.

याच दिवशी न्यू जर्सीतल्या चुलतभावाचा फोन. म्हटलं, स्लॉपी जो करतोय. तो म्हणाला, राय ब्रेड कुठला घेतलास? तिकडे या नावाने राय ब्रेडचं तीन मजली गार सँडविच मिळतं: कापलेलं मांस, कोलस्लॉ (कोबीची कोशिंबीर), रशियन ड्रेसिंग (मेयोनीज आणि केचपचा सॉस). दहा मिनिटं आम्ही दोघं वेगवेगळ्या पदार्थांबद्दल बोलत होतो. न्यू जर्सीच्या पाहुण्यांना बोलवाल तर आधी सांगून ठेवा.

1 फेब्रुवारी

बन घरी. हौस.

400 ग्रॅम ब्रेडचं पीठ. त्यातलं 25 ग्रॅम 125 मिलि दुधात शिजवून खिरीसारखं केलं, गार केलं. मग उरलेलं पीठ, आणखी 120 मिलि दूध, एक अंडं, 30 ग्रॅम साखर, 8 ग्रॅम मीठ, 7 ग्रॅम इन्स्टंट यीस्ट, शेवटी 45 ग्रॅम लोणी. शिजवलेल्या पिठामुळे बन दुसऱ्या दिवशीही मऊ राहतो, हा त्याचा फायदा.

स्वयंपाकघर गार असल्यामुळे तासाभरात पीठ हललंसुद्धा नाही. शेवटी बंद ओव्हनमध्ये नुसता दिवा लावून ठेवलं, तेव्हा फुगलं. साधारण 95 ग्रॅमचे आठ गोळे, चांगले चपटे दाबून. दाबले नाहीत तर बन उंच होतो, तोंडात मावत नाही आणि मागून खिमा बाहेर. 375 फॅरनहाइटला (190 सेल्सिअस) सतरा मिनिटं.

चव सुरेख. पण सकाळ गेली, आणि मध्ये स्लॉपी जो भरल्यावर विकतच्या बटाट्याच्या बनपेक्षा फरक असा, की मला कळला, बाकी कोणाला नाही. वीस माणसांसाठी हे करायचं नाही. ब्रियॉशही घेऊ नका, तो आधीच गोड आणि लोण्याने भरलेला, वर गोड रस म्हणजे मिठाई होते.

3 फेब्रुवारी

येणाऱ्यांतली निम्मी मंडळी मराठी, त्यांतले बरेच बीफ खात नाहीत, तिघं-चौघं शुद्ध शाकाहारी. त्यांच्यासाठी अख्ख्या मसुराचा.

दीड कप मसूर वेगळा शिजवला, दाणा दातांखाली येईल एवढाच. कुकरमध्ये नको, त्यात मसूर फुटतो आणि आमटी होते. निथळून, निम्मा मॅशरने ठेचून, त्याच रसात. यात चरबी नाही म्हणून कांद्याला तीन टेबलस्पून तेल.

वुस्टरशायर सॉसमध्ये अँकोव्ही मासे असतात, हे बऱ्याच शाकाहारी लोकांना माहीत नसतं. बाटलीवर मागे लिहिलेलं असतं, वाचा. त्यात चिंचही असते, तेव्हा बदली सोपी: एक टेबलस्पून सोया सॉस, एक टीस्पून चिंचेचा कोळ, चिमूटभर साखर. मसुराला हे इतकं जमलं की पुढच्या वेळी बीफमध्येही चिंच थोडी वाढवून बघणार आहे.

8 फेब्रुवारी

6 पौंडांचं काम. सरळ सहापट केलं तर फसतं, आणि ते दोन ठिकाणी.

परतताना: तव्यात एका वेळी पौंडभरच मावतो. सहा वेळा परतायचं म्हणजे तास-दीड तास. त्याऐवजी ओव्हनच्या दोन मोठ्या ट्रेमध्ये तीन-तीन पौंड खिमा पातळ थापला आणि वरच्या आचेखाली, ब्रॉयलरवर, एकेक ट्रे ठेवली. दहा-बारा मिनिटांत वरून तांबूस. तळाला सुटलेली चरबी आणि पाणी जपून ओतून घेतलं, गरम ट्रे वाकवायला दोन माणसं हवीत. तव्याइतका खरपूस नाही, पण ऐंशी टक्के तसाच.

आटवताना: सहापट पाणी, पण पातेल्याचं तोंड सहापट रुंद नाही. उंच पातेल्यात तासभर झाला तरी सूप. शेवटी अर्धा ऐवज दुसऱ्या रुंद भांड्यात काढला आणि दोन शेगड्यांवर उरकलं. मोठ्या प्रमाणाला पाणी मुळात कमीच घाला. सहा पौंडांना तीन कप नाही, एक कप पुरे झाला असता. साखर आणि व्हिनेगरही सहापट एकदम न घालता चारपट घालून चव घ्या.

रात्री उथळ ट्रेमध्ये पसरून फ्रिजमध्ये. खोल पातेल्यात तसाच ठेवला तर मधला भाग तासन्‌तास कोमट राहतो, आणि खिम्याला तेवढं निमित्त पुरतं.

9 फेब्रुवारी

चार वाजता शेगडीवर उकळी येईपर्यंत गरम केला, 165 फॅरनहाइट (74 सेल्सिअस) बघून स्लो कुकरमध्ये (मंद आचेवर तासन्‌तास शिजवणारं विजेचं भांडं) घातला. फ्रिजमधला गार खिमा थेट स्लो कुकरमध्ये ओतू नका, तो तापायला फार वेळ घेतो. एकदा गरम झाला की 'वॉर्म'वर 140 फॅरनहाइटच्या (60 सेल्सिअस) वर राहतो, तेवढं त्याचं काम.

साडेपाचला मॅच सुरू झाली तेव्हा बघतो तर वर पाण्याचं तळं. झाकणाला साचलेली वाफ परत आत ठिबकत होती. झाकणाखाली दुमडलेला स्वच्छ पंचा ताणून लावला, तो वाफ पितो. पंच्याची टोकं वर बांधून घ्या, खाली लोंबली तर कुकरच्या तापलेल्या बाजूला लागतात. दर अर्ध्या तासाने ढवळायला एकाला नेमलं, कारण कडेला साखर करपते.

मसुराचा कुकर टेबलाच्या दुसऱ्या टोकाला, वेगळा डाव, आणि मोठ्या अक्षरांत चिठ्ठी. ही चिठ्ठी विसरू नका. भांडी शेजारी ठेवली की कोणीतरी एकाचा डाव दुसऱ्यात घालतंच, आणि इथे ते नुसतं गैरसोयीचं नाही, लोकांचं मन दुखावणारं आहे.

बन आधी भरून ठेवले नाहीत. मोठ्या तव्यावर लोण्यात भाजून कापडात झाकले, ज्याने त्याने भरून घ्यायचं. बरोबर लोणच्याच्या काकड्या, कोलस्लॉ, ओव्हनमधले टेटर टॉट्स (किसलेल्या बटाट्याचे छोटे खरपूस गोळे). काकड्या गोड नकोत, शेपू घातलेल्या आंबट-खारट घ्या, गोड रसाला तोच उतारा.

हाफटाइमला फिलाडेल्फियाचा संघ ईगल्स 24-0 पुढे होता आणि मॅचमध्ये कोणाला रस उरला नव्हता, त्यामुळे सगळे टेबलापाशी. शेवट 40-22. मसुराचं भांडं बीफच्या आधी रिकामं झालं. बीफ खाणाऱ्यांनीही त्यावर ताव मारला, हे मी धरलं नव्हतं. पुढच्या वर्षी मसूर दुप्पट.

16 फेब्रुवारी

उरलेलं आणि हिशोब.

साधारण दीड पौंड बीफ उरलं होतं. झिपच्या पिशव्यांत दोन-दोन सँडविचपुरतं भरून, हवा काढून, चपटं करून फ्रीझरमध्ये ठेवलं. चपटं असलं की गरम पाण्याखाली पाच मिनिटांत सुटतं. आज एक पिशवी काढली: पाणी थोडं वेगळं झालं होतं, तव्यावर तीन मिनिटांत पुन्हा धरलं. चव उलट मुरलेली. बन मात्र फ्रीझरमध्ये भरलेल्या अवस्थेत ठेवू नका.

खर्च एका पौंडाला: खिमा 5.29, टोमॅटोचे डबे सव्वा डॉलरच्या आत, कांदा-मिरची एक डॉलर, बाटल्यांतलं सगळं मिळून साठेक सेंट. पाच-सहा सँडविच होतात, बन धरून एक जवळपास दोन डॉलरला. तयार डब्याने एक साधारण 1.85 ला पडतं. तेव्हा स्वस्त पडतं म्हणून कोणी या वाटेला जाऊ नये. वेळ डब्याला वीस मिनिटं, याला पन्नास.

मॅशरचे 6 डॉलर वेगळे, ते वसूल झाले. बिडाचा तवा अजून पूर्ववत नाही, कडेला एक चट्टा राहिलाय. पुढच्या शनिवारी पुन्हा तेल लावून भाजतो. त्याच दिवशी चिंच वाढवलेला बीफचा प्रयोगही, पौंडाला एक टीस्पून कोळ, केचप दोन टेबलस्पूनवर आणून.